बडेबाबूंचा जांभळा रंग

आमच्या बडेबाबूंइतका दुसऱ्यांच्या वेळेत राहणारा माणूस उभ्या नागपुरात दुसरा झाला नसेल. वेळ पाळणारी माणसं पुष्कळ असतात. ती स्वतःची वेळ पाळतात आणि इतरांना वात आणतात. बडेबाबूंना स्वतःची अशी वेळच नव्हती. साहेबांची दाताच्या डॉक्टरकडची पाळी, जीपचं ऑइल, माझ्या आईच्या डोळ्यांची तपासणी, थोरल्या सर्व्हेअरची रक्तदाबाची गोळी, असं सगळ्यांचं सगळं त्यांच्या पोटात. त्यांना मध्येच गाठून ‘बडेबाबू, आज वार कोणता हो?’ असं विचारलं तर ते वार सांगत नसत. क्षणभर वर पंख्याकडे बघत आणि म्हणत, “आज कन्हानची मोजणी, अन् साहेबाची दाढ.” त्यावरून वार आपण काढायचा.

आमचं ऑफिस धंतोलीत, एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर. काम जमिनी मोजून देण्याचं. कुणाला लेआउट पाडायचा असतो, कुणाचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शेजाऱ्याशी वाजलेलं असतं, की तो आमच्याकडे येतो. साहेब, दोन सर्व्हेअर, जीपचा ड्रायव्हर, नकाशे काढणारी मी आणि या सगळ्यांवर बडेबाबू. त्यांच्या हुद्द्याला काहीतरी इंग्रजी नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या कागदावर. रोज सकाळी इंदोऱ्याहून स्कूटरवर येत. अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, उन्हाळा असला की डोक्याला ओला दुपट्टा. आल्याबरोबर प्रत्येकाच्या टेबलापाशी थांबून ‘जय भीम’ म्हणत, दुपट्टा कूलरशेजारच्या खुंटीवर टाकत आणि मग कूलरच्या टाकीत डोकावून पाणी बघत. कूलरलाही ते ‘जय भीम’ म्हणतात अशी अफवा ड्रायव्हरने उठवली होती. ती खोटी होती असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

आता ऑफिसचं कॅलेंडर कंप्युटरवर असतं, त्याच्या आधी आमच्याकडे भिंतीवर एक फळा होता. कोण कुठे जाणार, जीप कुणाकडे, मोजणीचं मशीन कुणाकडे, हे त्यावर खडूने लिहायचं. मशीन एकच, त्यामुळे भांडणं रोजची. फळा लावला होता कूलरच्या बरोबर समोर, आणि एप्रिल लागला की कूलरच्या ओल्या वाऱ्याने खडू विरघळून निम्मा आठवडा खाली ओघळायचा. अशाच एका आठवड्यात ‘मशीन आपल्याकडे’ अशी दोन्ही सर्व्हेअरांनी समजूत करून घेतली. थोरले भल्या पहाटे ट्रायपॉड घेऊन खाप्याला गेले, धाकटा मशीनची पेटी घेऊन कन्हानला. म्हणजे खाप्याच्या शेतात तीन पाय उभे होते आणि त्यांना डोकं नव्हतं. कन्हानच्या प्लॉटवर डोकं होतं, त्याला पाय नव्हते. दोन्हीकडचे शेतमालक, शेजारी, शेजाऱ्यांचे वकील सावली शोधत बसलेले. त्या दिवशी साहेबांनी फोनवर जे शब्द वापरले ते मी इथे लिहीत नाही. बडेबाबूंनी मात्र ते शांतपणे ऐकून घेतले आणि खिशातून रुमाल काढून फळा पुसून टाकला, कायमचा.

साहेबांचा हात मोकळा होता असं त्यांच्या आईलाही म्हणता आलं नसतं. एका कंपनीचा टायवाला माणूस येऊन गेला. प्रत्येक टेबलावर एकच कॅलेंडर कसं दिसेल, एकाने लिहिलं की सगळ्यांना कसं कळेल, हे त्याने लॅपटॉपवर फार सुंदर दाखवलं. मग दर वर्षी किती द्यायचे तो आकडा सांगितला. साहेबांनी त्याला आणखी एक ग्लास पाणी दिलं आणि दारापर्यंत सोडलं. दार लागल्यावर बडेबाबू म्हणाले, “साहेब, आपल्याकडे चालू कंप्युटर हायेतच. अन् एक मेलेला हाय, तिकडं संडासाजवळ. त्या मेलेल्यालेच उठवतो मी. काहून कोणाले पैसे द्याचे?”

आणि त्यांनी उठवला. कसा, ते मला अजून नीट सांगता येणार नाही. जेवणाच्या सुट्टीत पोळीचा तुकडा हातात धरून ते मोबाईलवर व्हिडिओ बघत. कुठला तरी दक्षिणेकडचा पोरगा इंग्रजीत भराभर बोलायचा आणि बडेबाबू त्याला थांबवून थांबवून म्हणायचे, “हळू गा, हळू. मी लिहून राहिलो ना.” कूलरच्या स्टँडमागून, सोफ्याखालून, माझ्या नकाशांच्या कपाटावरून वायरी गेल्या. ज्या टेबलाला जो कंप्युटर होता, कुणाचा बापाच्या वयाचा, कुणाचा नवा, तो एका धाग्यात आला. कॅलेंडर फुकटातलं होतं. ते सगळं ज्यात राहायचं तो मेलेला कंप्युटर बडेबाबूंच्या टेबलाखाली गेला. त्याला ते ‘डबा’ म्हणत. डब्यावर घरून आणलेला टॉवेल पांघरला होता, धूळ बसू नये म्हणून, आणि वर मोठ्या अक्षरात पुठ्ठा: ‘बंद करू नये’.

पहिल्याच आठवड्यात झाडणाऱ्या मावशींनी तो बंद केला. ऑफिसातल्या कंप्युटरांचे सगळे पडदे एकदम कोरे. बडेबाबू टेबलाखालून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा कुणी गेल्यासारखा झाला होता. “काहून वं, प्लग काहून काढला?” मावशी म्हणाल्या, “माहा मोबाईल मरून राहिला होता ना, बडेबाबू!” त्यांच्या दृष्टीने ते पुरेसं कारण होतं. पुढे बडेबाबूंनी साहेबांच्या केबिनमधल्या पंख्याची इन्व्हर्टरवरची वायर काढून डब्याला जोडली. मे महिन्यात लाइट गेली की साहेब घामाघूम होऊन बाहेर येत आणि डबा गार वाऱ्यात घुमत बसलेला असे, कारण कूलरही इन्व्हर्टरवर घेतलेला आणि त्याचं तोंड तिकडेच वळवलेलं. साहेबांनी तक्रार केली तर बडेबाबू म्हणत, “साहेब, माणूस घामानं मरत नाई. डबा मरते.”

प्रत्येकाला एक रंग मिळाला. साहेब लाल, थोरले निळा, धाकटा पिवळा, मी हिरवी. जीपला तपकिरी, मशीनला केशरी. कूलरला पाणी भरायचं म्हणून त्यालाही एक फिका रंग होता. बडेबाबूंनी स्वतःला जांभळा घेतला, सगळ्यांनी घेऊन झाल्यावर उरलेला. नियम एकच, पण कडक: दुसऱ्याच्या रंगात हात घालायचा नाही. आपलं आपण लिहायचं. वेळ झाली की सगळ्या टेबलांवर एकदम घंटी वाजायची, कुणाचंही काम असो. आणि त्या घंटीवर बडेबाबूंचा काडीचाही विश्वास नव्हता. ती वाजून गेली की ते उठत, ज्याचं काम त्याच्या टेबलाशी जात आणि विचारत, “घंटी वाजली ना गा?” आम्ही ती ऐकलेली असे, त्यांनी ऐकलेली असे, रस्त्यावरच्या चहावाल्यानेही ऐकलेली असे. तरी ते येत. ‘हो, वाजली’ म्हटलं की समाधानाने परत जाऊन बसत.

या कॅलेंडरने एक लग्न जमवलं, ते सांगितलंच पाहिजे. धाकट्या सर्व्हेअरने एका रविवारी आपल्या पिवळ्या रंगात नुसतं ‘खापा, सकाळी दहा’ असं लिहून ठेवलं. लाजाळू पोरगा, मुलगी बघायला जातोय हे सगळ्या टेबलांवर कसं लिहिणार? बडेबाबूंनी ते वाचलं आणि त्यांना वाटलं, बिचारा मोजणीला जातोय आणि जीप मागायची विसरला. रंगांचा नियम पाळून त्यांनी पिवळ्याला हात लावला नाही, पण तपकिरी आणि केशरी तर त्यांच्याच ताब्यात. जीप, मशीन आणि मदतीला थोरले, अशी सगळी फौज खाप्याला रवाना. इकडे पोरगा चिवड्याची बशी हातात घेऊन मान खाली घालून बसलेला, मुलीने दुसऱ्या हातात नुकताच चहाचा कप दिलेला, आणि अंगणात जीप थांबली. थोरल्यांनी ‘नागपूरचा पोरगा कुणाकडे आलाय’ असं विचारत विचारत घर गाठलं होतं. त्यांनी कुणाकडे न बघता तुळशीपाशी ट्रायपॉड रोवला आणि आत आवाज दिला, “सातबारा आणा बरं.” मुलीचा बाप ताडकन उठला. “का बाप्पा! पोरगी पाहाले आले का वावर मोजाले?” त्याची अशी समजूत झाली की मुलाकडचे हुंड्याआधी जमीन मोजून घ्यायला मशीनच घेऊन आले आहेत. धाकटा खुर्चीत विरघळून गेला. मग सगळा उलगडा झाला, आणि त्यात असंही निघालं की त्या बापाचं शेजाऱ्याशी धुऱ्याचं भांडण कधीचं चालू आहे. थोरले म्हणाले, आलोच आहोत तर टाकतो मोजून. दुपारपर्यंत धुरा निघाला, संध्याकाळी लग्न ठरलं. पोरीने होकार का दिला असं पुढे एकदा तिलाच विचारलं, तर म्हणाली, “एवढ्या गोंधळातही यांनी चहाचा कप खाली ठेवला नाही, म्हणून.”

त्यानंतर बडेबाबूंनी फर्मान काढलं की खासगी असलं तरी नीट लिहायचं, नाहीतर जीप येईल. धाकाने सगळे लिहू लागले. मुलांच्या परीक्षा, सासूचं वर्षश्राद्ध, गॅसचा नंबर. माझी आई अखेरच्या दिवसांत होती तेव्हा तिच्या औषधांच्या वेळाही माझ्या हिरव्या रंगात होत्या, म्हणजे दुपारी ऑफिसात असले तरी घरी शेजारणीला फोन करायची आठवण राहावी. घंटी वाजायची, बडेबाबू यायचे. ‘घंटी वाजली ना, बाई?’ आई गेली त्या आठवड्यात मी रजेवर होते आणि त्या नोंदी काढायचं राहूनच गेलं. मी परत आले त्या दुपारी घंटी वाजली. सगळं ऑफिस मान खाली घालून बसलं. बडेबाबू उठले, माझ्या टेबलापर्यंत आले, काहीच न विचारता नुसते उभे राहिले. मग म्हणाले, “तुमच्या रंगात मले हात घालता येत नाई, बाई. नाई तं मीच काढलं असतं.” मी ते त्यांच्यासमोर काढलं. तोवर ते तिथेच उभे होते. आई गेल्यावर मला जे काही सांत्वन मिळालं त्यात हे सगळ्यात मोठं होतं.

आमच्या सगळ्यांच्या आठवड्यावर असे रंगांचे ढीग पडलेले असत आणि जांभळा कुठेच नसे. कधी म्हणजे कधीच नाही. मी एकदा थट्टेने म्हटलं, “बडेबाबू, तुमचं काहीच कसं नसतं हो?” ते हसले. “मी काय लिहू, बाई? आंघोळ लिहू का?” त्यांची बायको फार वर्षांपूर्वी, ते आमच्या ऑफिसात यायच्याही आधी गेली होती. मूल नव्हतं. इंदोऱ्याला दोन खोल्या, आणि गल्लीतल्या विहारात संध्याकाळी थोडा वेळ. रविवारी ते ‘डब्याले पाहून येतो’ म्हणून ऑफिसात येत. बंद ऑफिसात डब्याला काय होणार होतं? रविवार लांब असतो, हे मला आई गेल्यावर कळलं, म्हणून मी त्यांना कधी त्यावरून चिडवलं नाही.

साठी उलटून गेली तरी साहेबांनी त्यांना ठेवलं होतं ते डब्यामुळे. डब्याचं दुखणं दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. हे बडेबाबूंनाही ठाऊक होतं. थोरले कधी म्हणत, ‘आता घरी बसा, आराम करा,’ तर ते टेबलाखाली बोट दाखवत. “हा हाय ना. याले कोण पाह्यन?” डबा चालू आहे तोवर त्यांना सकाळी दुपट्टा भिजवून कुठेतरी निघायला जागा होती, इतकी ती साधी गोष्ट होती.

गेल्या वर्षी साहेबांची मुलगी पुण्याहून परत आली आणि ऑफिसात बसू लागली. गोड मुलगी, कुणाशी चढ्या आवाजात बोलत नाही. तिने पहिल्याच महिन्यात सांगितलं, “काका, हे सगळं आता आपापल्या फोनमध्येच होतं. शेतात उभं राहूनसुद्धा बघता येतं. आणि पैसे लागत नाहीत.” शेवटचं वाक्य साहेबांनी ऐकलं आणि प्रश्न तिथेच मिटला. बडेबाबूंनी उभा जन्म साहेबांचे पैसे वाचवण्यात घालवला. शेवटी त्यांच्यापेक्षाही स्वस्त काहीतरी निघालं. त्यांनी एवढंच विचारलं, “अन् डबा?”

जुन्या नोंदी नव्या कॅलेंडरात न्यायचं काम त्यांनीच केलं. मुलगी शेजारी खुर्ची घेऊन बसली होती, ते एकेक रंग तिला सांगत होते. हा साहेबांचा, हा बाईंचा, ही जीप. मी जवळच नकाशा काढत होते. मुलगी म्हणाली, “आणि हा जांभळा कुणाचा, काका? यात तर काहीच नाही.” बडेबाबूंनी चष्मा पुसला. “तो रिकामाच हाय, बेटा. तो नका घेऊ.” तिने घेतला नाही. तिला काय माहीत. त्या दिवशी काढलेली रेघ मला दुसऱ्या दिवशी खोडून परत काढावी लागली.

निरोपाला तर्री पोहे होते, आणि या माणसाला आम्ही काय द्यावं, तर भिंतीवरचं घड्याळ. साहेब भाषणाला उभे राहिले आणि आयुष्यात प्रथमच त्यांना बोलावंसं वाटू लागलं. ते रंगात आले असतानाच टेबलाखालून डब्याची ऑफिसातली शेवटची घंटी वाजली. बडेबाबू ताबडतोब उठले. “घंटी वाजली, साहेब. तुमची सावनेरची पार्टी बाहेर येऊन बसली असन.” भाषण तिथेच संपलं. संध्याकाळी साहेबांनी डबा त्यांनाच दिला. स्कूटरच्या पुढच्या जागेत, दोन पायांमध्ये तो टॉवेलसकट ठेवून ते गेले. मागच्या सीटवर पडदा आणि कीबोर्ड बांधला होता. पुठ्ठाही घेऊन गेले.

नवं कॅलेंडर उत्तम चालतं. कुणाचं मशीन चुकत नाही, जीप चुकत नाही. प्रत्येकाचा फोन आपापल्या खिशात हळूच थरथरतो आणि ज्याचं त्याला कळतं. दुसऱ्याला काही कळत नाही. ऑफिस इतकं शांत झालं की कूलरचं पाणी पडताना ऐकू येतं. काही दिवसांनी माझं लक्ष खुंटीकडे गेलं. त्यांचा दुपट्टा तिथेच राहिला होता, कडक वाळलेला. मी तो घडी करून पर्समध्ये घातला आणि एका संध्याकाळी इंदोऱ्याला गेले.

दार उघडंच होतं. आतल्या खोलीत खुर्चीवर टॉवेल पांघरलेला डबा घुमत होता, कूलर त्याच्याकडे तोंड करून, आणि पुठ्ठा समोर चिकटवलेला. त्या घरात तो बंद करायला दुसरं कोण होतं? आम्ही दिलेलं घड्याळ भिंतीवर होतं. बडेबाबू एकदम उभे राहिले, दुसरी खुर्ची पुसली, चहा टाकला. ऑफिसातल्या एकेकाची चौकशी केली. आम्ही बोलत होतो तेवढ्यात घंटी वाजली. पडद्यावर थोरल्यांचा निळा चौकोन: रक्तदाबाची गोळी. ती नोंद रोजची होती, ती डब्यात तशीच राहिली होती. बडेबाबू सवयीने उठले, दोन पावलं चालले, आणि जायला टेबल नाही हे लक्षात येऊन परत बसले. “घंटी वाजली ना,” ते स्वतःशीच म्हणाले.

मला तिथे बसवेना. मी म्हटलं, “सरका बघू जरा.” आणि कीबोर्ड ओढून माझ्या हिरव्या रंगात शुक्रवारवर लिहिलं: बडेबाबूंकडे चहा, संध्याकाळी सहा. ते वाकून बघत राहिले. “हे तुमच्या रंगात झालं,” ते म्हणाले. “माह्या रंगात मलेच लिहा लागन ना, बाई.” मी खुर्ची सोडली. त्यांनी चष्मा नीट केला, रंगांच्या यादीत तळाशी जाऊन जांभळा निवडला आणि एका बोटाने, फार सावकाश लिहिलं: बाई येणार.

लिहून झाल्यावर वेळेची चौकट आली. त्यांनी सहा टाकले नाहीत. शेजारी ‘पूर्ण दिवस’ म्हणून एक बारकी चौकट असते, तिच्यावर खूण केली, आणि शुक्रवार वरपासून खालपर्यंत जांभळा झाला. मी हसून म्हटलं, “अहो बडेबाबू, चहाला अर्धा तास पुरे! पूर्ण दिवस काय करता?”

ते पडद्याकडेच बघत होते. “चहाले अर्धाच तास लागते, बाई,” ते म्हणाले. “वाट पाहाले दिवसभर लागते ना.”

मी दुपट्टा पर्समधून काढून त्यांच्या खुंटीवर टाकला. शुक्रवारी साहेबांच्या मुलीने विचारलं, इतक्या लवकर कुठे निघालात, तर मी म्हटलं, घंटी वाजली.